महाडचा प्रतोद आणि महाड-पोलादपूरचा मतदार

श्री. भरत गोगावले यांनी महाड विधानसभा मतदारसंघातून २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा लागोपाठ चार निवडणुका जिंकल्या. महाड, पोलादपूर आणि माणगाव तालुक्याचा काही भाग मिळून झालेल्या या डोंगराळ मतदारसंघात असे सातत्य सोपे नाही. जिल्हा परिषदेच्या राजकारणातून वर आलेला आणि वाडीवस्तीवर ओळख राखून असलेला हा माणूस लोकांना आपला वाटतो, हे विरोधकांनीही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचे बळ नाकारणारा कार्यकर्ता पराभवातून काहीच शिकत नाही. परंतु मत मिळवणे ही एक गोष्ट आणि मिळालेल्या मताचे काय केले, ही दुसरी. वाद आहे तो या दुसऱ्या गोष्टीविषयी.

२०१९ साली महाडच्या मतदाराने शिवसेनेच्या धनुष्यबाणावर शिक्का उमटवला आणि काँग्रेसचे माणिक जगताप यांचा वीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. ते मत एका व्यक्तीला होते तसेच एका पक्षालाही होते. जून २०२२ मध्ये श्री. एकनाथ शिंदे यांच्यासोबत सुरत आणि गुवाहाटीचा रस्ता धरणाऱ्यांत श्री. गोगावले होते. इतकेच नव्हे, तर त्या गटाने त्यांनाच प्रतोद नेमले. पक्षाचा आदेश सदस्यांपर्यंत पोचवणे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे, हे प्रतोदाचे काम. पक्षाच्या नेतृत्वाविरुद्ध बंड करणाऱ्यानेच पक्षादेशाचा रखवालदार व्हावे, असा हा विलक्षण योग महाडच्या वाट्याला आला.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी याविषयी स्पष्ट शब्दांत निर्णय दिला. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. म्हणून ३ जुलै २०२२ रोजी विधानसभाध्यक्षांनी श्री. गोगावले यांना दिलेली मान्यता कायद्याशी विसंगत होती, असे न्यायालयाने ठरवले. यानंतर सामान्य माणसाची समजूत होईल की प्रश्न मिटला. प्रत्यक्षात अपात्रतेचा निवाडा पुन्हा अध्यक्षांकडेच गेला. अध्यक्ष श्री. राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी शिंदे गट हाच मूळ पक्ष ठरवला, त्या आधारे श्री. गोगावले यांची नेमणूक वैध मानली आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र केले नाही. या निर्णयाला आव्हान दिले गेले. परंतु त्याचा अंतिम निकाल लागण्यापूर्वीच त्या विधानसभेची मुदत संपली. ज्या खटल्याचा निकाल गुन्ह्याची संधी संपल्यावरही येत नाही, त्या खटल्याची भीती कोणाला वाटावी?

१९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला, तेव्हाच मधू लिमये यांच्यासारख्यांनी त्यातील विसंगती दाखवली होती. एकट्यादुकट्या सदस्याच्या मतभेदाला शिक्षा आणि टोळीने केलेल्या पक्षांतराला संरक्षण, असा त्या कायद्याचा घाट होता. २००३ च्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांशांच्या फुटीची पळवाट बंद केली. मग नवा मार्ग निघाला: पक्ष सोडायचाच नाही, पक्षच आपला आहे असे म्हणायचे!

यावर श्री. गोगावले यांच्या समर्थकांचे ठरलेले उत्तर आहे. ते म्हणतात, ‘२०२४ मध्ये लोकांनी पुन्हा निवडून दिले, आणखी काय हवे?’ या उत्तरात तथ्य आहे आणि ते टाळून चालणार नाही. मतदाराने त्यांना पुन्हा कौल दिला, हे खरेच. परंतु मतदाराला विचारायचेच होते, तर ते २०२२ मध्ये विचारायचे होते. मधल्या अडीच वर्षांत जे सरकार आले, त्याने जे निर्णय घेतले, त्यांना मतदाराची अनुमती कोणी घेतली? दुसऱ्याच्या शेतात पीक काढून झाल्यावर खंडाचा करार केला, तरी मागची पेरणी कायदेशीर होत नाही. आणि हे अशक्य होते असेही नाही. १९४८ साली काँग्रेसमधून बाहेर पडताना आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त प्रांताच्या विधानसभेतील जागांचे राजीनामे दिले, पोटनिवडणुका लढवल्या आणि आचार्य स्वतः पराभूत झाले. काँग्रेसच्या चिन्हावर मिळालेली जागा काँग्रेसबाहेर ठेवता येत नाही, एवढाच त्यांचा साधा हिशेब होता. ते हरले; पण त्यांच्या मतदाराला आपण फसवले गेलो असे म्हणण्याची वेळ आली नाही.

विरोधी बाजूनेही या मतदारसंघात शुचितेचा टेंभा मिरवण्याचे कारण नाही. कै. माणिक जगताप २००४ मध्ये राष्ट्रवादीच्या चिन्हावर निवडून आले, पुढे काँग्रेसच्या चिन्हावर लढले. त्यांच्या कन्या स्नेहल जगताप काँग्रेसमधून २०२३ मध्ये ठाकरे यांच्या शिवसेनेत आल्या, २०२४ ची निवडणूक हरल्या आणि २०२५ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीत, म्हणजे श्री. गोगावले यांच्याच मित्रपक्षात, दाखल झाल्या. ज्यांनी ‘गद्दारी’विरुद्ध मत दिले, त्यांचे मतही अखेर सत्तेच्याच दारात नेऊन ठेवले गेले. चिन्हे बदलली, घराणी आणि माणसे तीच राहिली. मतदाराने निवड तरी कशाची करायची?

ही सारी उठाठेव ज्या पदांसाठी झाली, ती अखेर मिळालीही. मंत्रिपदासाठी शिवून ठेवलेल्या कोटाची चर्चा राज्यभर विनोदाचा विषय झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये एस.टी. महामंडळाचे अध्यक्षपद आले, डिसेंबरात मंत्रिपद आले: रोजगार हमी, फलोत्पादन आणि खारभूमी विकास. मग जानेवारी २०२५ मध्ये रायगडचे पालकमंत्रिपद अदिती तटकरे यांना जाहीर होताच श्री. गोगावले यांच्या समर्थकांनी महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर टायर जाळले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या नियुक्तीला स्थगिती मिळाली.

याच महामार्गावर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट पुरात गेल्या. याच तालुक्यात २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते दरडीखाली गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली; पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीवरही त्याच दिवशी डोंगर कोसळला. तीन वर्षे लोटली तरी तळियेचे पुनर्वसन पूर्ण झाले नव्हते. वर्षानुवर्षे रखडलेल्या महामार्गासाठी किंवा दरडग्रस्तांच्या घरांसाठी सत्ताधाऱ्यांचे किती टायर जळले, हे महाडकरांनी स्वतःलाच विचारावे.

महाडला ठराव आणि अंमलबजावणी यांतील अंतर नव्याने शिकवण्याची गरज नाही. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार निर्णय केला, आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. न्यायालयात तो हक्क पक्का व्हायला १९३७ साल उजाडले. विधिमंडळातील एका सदस्याच्या ठरावाने काय घडू शकते आणि बाहेर लोक उभे राहिले नाहीत तर तोच ठराव कसा निजून राहतो, या दोन्ही गोष्टी या गावाने पाहिल्या आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ ‘गद्दार, गद्दार’ अशा घोषणांवर समाधान मानू नये. पक्ष सोडणाऱ्याने जागाही सोडावी आणि ठरावीक मुदतीत पोटनिवडणुकीला सामोरे जावे. अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा. या मागण्या गावोगाव मांडल्या पाहिजेत. आणि रोजगार हमीचे खाते महाडच्याच आमदाराकडे आले आहे, तर पोलादपूरच्या वाड्यांतून कामाच्या मागणीचे अर्ज भरून घ्यावेत. डोंगरउताराचे चर, बंधारे, झाडे ही कामे गावातच मिळाली, तर तरुणांना मुंबईची वाट धरावी लागणार नाही. १९७७ च्या कायद्याने या राज्यात काम मागणे हा हक्क केला. मंत्र्याची कृपा नव्हे. तो हक्क मागायला लागणारा मतदार प्रतोदाच्या आदेशाने चालत नाही, आणि त्याला गृहीत धरणे कोणत्याही चिन्हाला परवडत नाही.