होड्या शाकारलेल्या आहेत तोवरच परवाना काढा

मालवण, देवबाग, देवगड, वेंगुर्ल्याच्या तांडेलांनो, आणि होडीवर पाहुणे नेऊन चार पैसे मिळवू पाहणाऱ्या पोरांनो,

२६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या बंद. १ सप्टेंबर उजाडला की पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या पुन्हा किनाऱ्याला लागतील. गळ घेऊन सुरमई-गोबऱ्याच्या मागे लागलेले हौशी येतील, डॉल्फिन बघायला मुलाबाळांसकट कुटुंबं येतील. त्याआधी होडीचा प्रवासी परवाना आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र हातात हवं. नसेल तर उद्याच बंदर कार्यालय गाठा.

‘मासेमारीचं लायसन आहे की!’ असं कुणीतरी म्हणेलच. आहे, पण ते माशांपुरतं. ते मत्स्यव्यवसाय खातं देतं, १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली. पैसे देऊन पाहुणा होडीत बसला की तो प्रवासी झाला, मग हातात गळ असो नाहीतर मोबाईल. तिथून काम मेरीटाइम बोर्डाचं: नोंदणी, सर्वेक्षण, किती माणसं बसवायची तो आकडा, जॅकेटं, विमा.

हे वेगळं सर्वेक्षण उगाच नाही. मासळी आणि बर्फ होडीच्या तळाशी बसतात. भार खाली असला की होडी स्थिर राहते. माणसं वर बसतात आणि एका जागी बसत नाहीत. डावीकडे डॉल्फिन दिसला की पंधराही जण डावीकडे. मासा लागला की गळवाला उभा राहतो आणि त्याचा व्हिडिओ काढायला दुसरा. टनभर मासळी सुखरूप आणणारी होडी त्याहून हलक्या माणसांनी कलंडते ती यामुळे. बापजाद्यांपासून तुम्ही समुद्र ओळखता, कबूल. साताऱ्याहून आलेला माणूस ओळखत नाही, आणि जबाबदारी त्याचीच घ्यायची आहे.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले, तेही किनारा जवळ असताना. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट धडक बसून बुडाली, १५ जीव गेले. धडक देणारी बोट नौदलाची होती. तरीही ८४ प्रवाशांची परवानगी असताना आत शंभरावर माणसं होती हे चौकशीत निघालं आणि बोटीचा परवाना गेला. म्हणजे चूक समोरच्याची असली तरी तुमचा आकडा मोजला जाणारच. भाडं घेऊन असुरक्षित किंवा जादा भरलेल्या होडीतून माणसं नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ खाली गुन्हाच आहे. आणि विमा मासेमारीचा, होडीत मात्र प्रवासी, असं असेल तर विमा कंपनी हात वर करणार. मग घर, होडी, बायकोचं मंगळसूत्र, सगळं वकिलाकडे.

होडी कोरड्यावर असताना तळ, फळ्या, फायबरच्या चिरा, पंखा सगळं उघडं असतं. तपासणीला याहून सोयीचा काळ नाही. प्रमाणपत्राच्या तोंडी परीक्षेची धास्ती घेऊ नका. दोन यांत्रिक होड्या समोरासमोर आल्या तर दोघांनी उजवीकडे वळायचं, रात्री डावीकडे तांबडा दिवा आणि उजवीकडे हिरवा, हे तुम्ही रोज पाळता. आता फक्त बोलून दाखवायचं आहे. इंजिन बंद पडल्यावर, माणूस पाण्यात पडल्यावर काय करायचं याचं रीतसर शिक्षण हवं असेल तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तरुणांनी तिथं जाऊन यावं, खर्च वसूल होतो.

गळाच्या पाहुण्यांना नेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. त्याच्या गाभ्यात गळ टाकायचा नाही, पाहुणा कितीही मोठा असो. किमान आकाराहून लहान मासा परत सोडायचा. फोटोपुरतासुद्धा तो जास्त वेळ पाण्याबाहेर ठेवू नका.

कार्यालयांनाही कळकळीची विनंती: एका कागदासाठी माणसाला चार फेऱ्या मारायला लावू नका. ऑगस्टमध्येच गावोगाव शिबिरं घ्या, सर्वेक्षकाला बंदरावर पाठवा. अवघड प्रक्रियेतूनच चोरट्या फेऱ्या जन्माला येतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पर्यटकहो, स्वस्त फेरी शोधताना होडीवर लिहिलेला प्रवाशांचा आकडा वाचा, डोकी मोजा. जॅकेट बाकाखाली बांधून ठेवलेलं असेल तर चढू नका. ‘काही होत नाही ओ साहेब’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून उतरा.

मच्छीमार सोसायट्यांनी या आठवड्यात आपापल्या गावची यादी करावी: कोणाची होडी प्रवासी नेते, कोणाकडे कागद आहेत, कोणाकडे नाहीत. नावं एकगठ्ठा घेऊन जा, एकेकट्यानं खेटे घालू नका. होडीची आणि इंजिनाची खरेदीची कागदं आजच पेटीतून काढून वाळवा. पावसात ती ओली झाली असतील.