वेळ जमिनीखालून यायला हवी

२६ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेने जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढला आणि त्या गडबडीत इतर काही उपग्रहांवरून चुकीची वेळ प्रसारित होऊ लागली. चूक जेमतेम १३ मायक्रोसेकंदांची. तरी दूरसंचार यंत्रणांमध्ये कित्येक तास धोक्याचे इशारे येत राहिले. फाइव्ह-जीचे शेजारशेजारचे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. त्यांची घड्याळे प्रमाणवेळेपासून दीड मायक्रोसेकंदाहून जास्त हलली, तर एकाचे प्रसारण दुसऱ्याच्या ऐकण्याच्या वेळेत घुसते. इतक्या नाजूक गोष्टीसाठी उपग्रहाच्या क्षीण संदेशावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आपली स्वतःची आण्विक घड्याळे आहेत. त्यांची वेळ फायबरमधून टॉवर, वीज उपकेंद्रे आणि शेअर बाजारांपर्यंत न्यावी आणि उपग्रह पर्यायी सोय म्हणून ठेवावेत.

हे तंत्र प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत आकाराला आलेल्या ‘व्हाइट रॅबिट’मध्ये एकाच फायबरमधून दोन वेगळ्या रंगांचा प्रकाश दोन्ही दिशांनी धावतो आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळेवरून एका बाजूचा उशीर काढला जातो. नुसता निम्मा करून भागत नाही, कारण दोन रंगांचा काचेतला वेग किंचित वेगळा असतो. तो फरक आधीच मोजून हिशेबात धरावा लागतो. शंभर किलोमीटरची फायबर दहा अंशांनी तापली, तर सुमारे ४० नॅनोसेकंदांचा फरक पडतो. मोजणी अखंड चालू असल्याने तोही वजा होतो आणि चूक एका नॅनोसेकंदाच्या आत राहते. २०१९ साली ही पद्धत आयईईईच्या मानकातही आली.

फायबरही फसवते, असा आक्षेप येईल आणि त्याला आधार आहे. २०११ साली इटलीतल्या ‘ऑपेरा’ प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे दिसले. जीपीएसची वेळ भूमिगत प्रयोगशाळेत नेणाऱ्या फायबरचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता, हे त्यामागचे मुख्य कारण निघाले. पण त्या केबलमधला उशीर अधूनमधून मोजला जाई, अखंड नाही. माझा सगळा भर नेमका त्या अखंड मोजणीवर आहे. स्वदेशी ‘नाविक’ आहे की, असेही म्हटले जाईल. नाविक हवेच. मात्र त्याचाही संदेश सुमारे ३६,००० किलोमीटरवरून येतो, जॅमरपुढे तोही दुबळा ठरतो आणि त्याच्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही आण्विक घड्याळे बंद पडली होती. खोदकामात केबल तुटण्याची भीती मात्र खरी आहे. म्हणून दोन वेगळे मार्ग आणि प्रत्येक मोठ्या केंद्रावर काही काळ वेळ धरून ठेवणारे रुबिडियम घड्याळ, एवढा खर्च करावाच लागेल. फायबर सगळीकडे नव्याने टाकावी लागणार नाही. रेल्वेमार्गांलगत आणि पॉवरग्रिडच्या मनोऱ्यांवर ती आधीच आहे.

भारतीय प्रमाणवेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या केंद्रांतून ती वेळ देण्याची योजना आहे. त्या केंद्रांपासून ग्राहकाच्या यंत्रापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर दुहेरी मोजणी बंधनकारक करणारे कलम या नियमांत असलेच पाहिजे.