चाकांवरच्या घरातली वीज गेली तर...

अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी-जावयानं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्यानं घेतलं आणि सगळी मंडळी यलोस्टोन पाहायला निघाली. वाटेत एका तळावर मुक्काम होता. संध्याकाळी ए.सी. एकाएकी बंद पडला, मायक्रोवेव्हही चालेना. पण दिवे लागत होते, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पहाटे दिवे मंदावले, हीटरचा पंखा थांबला आणि नातवंडं थंडीनं कुडकुडू लागली. "दिवे लागत होते, मग वीज गेली कधी?" असं त्या विचारतात.

प्रश्न अगदी रास्त आहे. आज पुष्कळ घरांतले आजी-आजोबा मुलांकडे जाऊन असा प्रवास करतात, म्हणून या खेपेला थोडं सविस्तर सांगते.

मोटरहोममध्ये दोन प्रकारची वीज नांदते. एक बाहेरची, तळावरच्या खांबातून जाड केबलनं आत येणारी, १२० व्होल्टची. तिला तिकडे 'शोअर पॉवर' म्हणतात. शोअर म्हणजे किनारा. धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज देतात, त्यावरून हे नाव आलं. ए.सी., मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे प्लग हिच्यावर चालतात. दुसरी वीज बॅटरीतली, १२ व्होल्टची. दिवे, पाण्याचा पंप आणि गॅसवरच्या हीटरचा पंखा तिच्यावर. गॅसगळतीची सूचना देणारी घंटाही बहुधा तिच्यावरच असते.

बाहेरची वीज चालू असली की कन्व्हर्टर नावाची पेटी बॅटरी भरत राहते. ती गेली की बॅटरी नुसती रिती होत जाते. नळ गेला तरी पिंप भरलेलं असल्यामुळे सकाळभर काही जाणवत नाही ना, तसंच हे! पिंपाचा तळ दिसला की मग धावाधाव.

तेव्हा वीज आहे की नाही हे दिव्यांवरून ठरवू नका. ए.सी. चालतो का ते पाहा. गाडीत बॅटरीचा आकडा दाखवणारा फलक असतो. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचा आकडा १३च्या वर असेल तर ती भरते आहे. तो १२.५वरून खाली उतरू लागला, तर बाहेरची वीज गेली असं समजा.

आता तपासणी. पण त्याआधी एक गोष्ट. गाडीच्या पत्र्याला किंवा दाराच्या कडीला हात लावताना कुणाला मुंग्या आल्यासारखं झालं का, हे विचारा. झालं असेल तर पत्र्यात वीज उतरली आहे, आणि ती जिवावर बेतू शकते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाला तर फारच धोका. अशा वेळी आतल्यांनी आतच थांबावं, बाहेरच्यांनी गाडीला हात लावू नये. कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून, खांबावरचा ब्रेकर खाली करावा आणि तळाच्या कचेरीत कळवावं. पुढची दुरुस्ती जाणकाराची. इथे "बघू या जरा" नको.

असं काही नसेल तर खांबापासून सुरुवात करून एकेक पायरी आत या.

१) शेजारच्या गाड्यांकडे पाहा. सगळ्यांचीच वीज गेली असेल तर आपण काही करायचं नाही, फक्त कचेरीत सांगायचं.

२) आपलीच गेली असेल तर आधी ए.सी. आणि बाकीची उपकरणं बंद करा. मग खांबावरचा ब्रेकर, म्हणजे आपल्याकडचा एम.सी.बी., पाहा. उडालेला ब्रेकर कधी कधी मधेच अडकून राहतो आणि चालूच आहे असं वाटतं. तो आधी पूर्ण बंद करून मग चालू करावा. पुन्हा लगेच उडाला तर तिसऱ्यांदा हट्ट नको. तो काहीतरी सांगतो आहे.

३) ब्रेकर बंद ठेवूनच प्लग काढा आणि त्याच्या पट्ट्या पाहा. काळवंडल्या आहेत का? प्लास्टिक वितळलंय का? जळका वास येतो का? सैल बसलेला किंवा मळलेला प्लग तापतो आणि तापत तापत जळतो. असा प्लग पुन्हा लावू नये. जागा बदलून मागावी आणि प्लग दुरुस्त झाल्याखेरीज वापरू नये. आग लागते ती इथूनच.

४) केबलला संरक्षक पेटी जोडलेली असेल तर तिच्यावरचा दिवा किंवा आकडा पाहा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्यांचे ए.सी. एकदम चालतात आणि व्होल्टेज खाली येतं. तेव्हा ही पेटी आपणहून वीज तोडते. काही पेट्या वीज परत आली तरी दोन-सव्वादोन मिनिटं थांबूनच ती आत सोडतात. तेवढा धीर धरा.

५) मग गाडीतला मुख्य ब्रेकर, त्याच पद्धतीनं.

६) ए.सी. चालतो, पण स्वयंपाकघरातला प्लग मेला आहे? मग बाथरूममधल्या प्लगवरचं 'रीसेट' बटन दाबा. पुष्कळदा त्या एका बटनावर स्वयंपाकघरातले आणि बाहेरचेही प्लग असतात.

एवढं करूनही वीज येत नसेल तर दोष आतल्या बदलपेटीत किंवा जोडणीत असू शकतो. झाकणं उघडू नका, गाडीच्या मालकाला फोन करा.

आता, ब्रेकर उडतो तरी का? बहुतेक वेळा आपल्या हिशेबाच्या चुकीमुळे. लहान-मध्यम गाड्यांना ३० अँपिअरची जोडणी असते. १२० गुणिले ३०, म्हणजे ३,६०० वॅट, एवढीच शिल्लक. त्यात ए.सी. साधारण १३ ते १५ अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह १२-१३ आणि पाण्याचा विजेचा बंब १२. तिघं एकत्र लावली की ३७-४० झाले!

आपल्याकडून गेलेल्या बायका इथेच फसतात. घरी वीज २३० व्होल्टची, त्यामुळे १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी जेमतेम ८ अँपिअर घेते. तिकडे तेवढ्याच वॅटला १५ लागतात. म्हणून पोळ्यांसाठी शेगडी लावायची तर बंब किंवा ए.सी. तेवढ्यापुरता बंद ठेवा. मोठ्या गाड्यांना ५० अँपिअरची जोडणी असते. तिच्यात १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या तारा असल्यामुळे १२,००० वॅटपर्यंत मुभा मिळते. पण अडॅप्टर लावून ती गाडी ३०च्या प्लगला जोडली, तर हिशेबही ३०चाच धरायचा.

रात्र वीज नसतानाच काढावी लागली तर फ्रिज गॅसवर करा (तशी सोय असेल तर), दिवे एक-दोनच ठेवा आणि मुलांना दोन पांघरुणं जास्त द्या. गाडीत जनरेटर असला तरी तो चालू ठेवून झोपू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, रंगही नसतो. ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवणं हेही तितकंच घातक.

जाता जाता यलोस्टोनविषयी. त्या उद्यानात गाडीला वीज देणारा एकच तळ आहे, फिशिंग ब्रिज. बाकीच्या तळांवर खांबच नाही, म्हणून तिथे बॅटरी भरून घेऊनच जावं. तिथलं सरोवर ७,७०० फुटांहून उंचावर आहे, ऐन उन्हाळ्यातही रात्र गारठ्याची.

सामानात एक विजेरी, रबरी तळाच्या चपला आणि प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर असू द्या. आणि निजण्यापूर्वी दाराची कडी पाहतो, तसा बॅटरीचा आकडाही एकदा पाहायचा.