जुन्या सदऱ्याची नवी शिवण

इतिहास म्हटला की आपल्यासमोर तह, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. साध्या सदऱ्यालाही इतिहास असतो, असे कोणी म्हटले तर आपण हसतो. पण युरोप-अमेरिकेत जुन्या धर्तीचे पुरुषांचे लिननचे सदरे आज पुन्हा हाताने शिवणारे अभ्यासक आहेत. कोणी त्यांना हौशी बहुरूपी म्हणेल. मला मात्र हे काम इतिहासाच्या अभ्यासाचेच एक अंग वाटते.

जेनेट अर्नोल्ड या विदुषीने जतन केलेले जुने कपडे मोजून त्यांचे आराखडे काढले. १९९८ मध्ये त्या वारल्या. सुमारे १५४० ते १६६० या काळातील सदरे, गळपट्ट्या इत्यादींवरील त्यांचा ग्रंथ सहकाऱ्यांनी पुरा करून २००८ मध्ये प्रसिद्ध केला. अशा सदऱ्याचा आराखडा पाहिला की एक गोष्ट चटकन ध्यानात येते : जवळजवळ प्रत्येक तुकडा आयत किंवा चौरस आहे. हात मोकळा उचलता यावा म्हणून काखेत जोडलेला तुकडाही चौरसच. कारण उघड आहे. जवसाच्या खोडातून तंतू काढून, हाताने सूत कातून, मागावर विणून उन्हात शुभ्र केलेले कापड. त्याची चिंधीही वाया घालवणे परवडणारे नव्हते. शिवाय हा सदरा म्हणजे अंतर्वस्त्र. वरचा रेशमी वा लोकरी कोट सहसा धुतला जात नसे. घाम टिपायचा आणि वारंवार धुतले जायचे, ते सदऱ्याने. चित्रपटांत छातीवर नाडी बांधलेला जो झुळझुळीत सदरा दिसतो, त्यातून यातले काहीच कळत नाही.

खरा प्रश्न शिवणाऱ्या हाताचा आहे. शिवणयंत्र येण्यापूर्वी सदऱ्यांचे हे बारीक टाके बहुधा स्त्रियाच घालीत. सदरे शिवून पोट भरणाऱ्या गरीब स्त्रीवरील टॉमस हूड याची कविता १८४३ मध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात छापून आली, तेव्हा तिचे हाल घरोघरी पोहोचले. एरवी अशा स्त्रियांची नावे कुठल्या ग्रंथात आढळणार? त्यांची खूण राहिली ती टाक्यांतच. यंत्रावर शिवलेली प्रतिकृती दुरून ठीक दिसेल. पण ती खूण तिच्यात उरत नाही. म्हणून मी हातशिलाईच्या बाजूचा आहे.

मात्र असा सदरा शिवायला फार वेळ लागतो, आणि तो स्वस्त विकायचा तर कोणाची तरी मजुरी कापावी लागते. तेव्हा नक्कल कापडाची करावी, बेतण्याची करावी, टाक्यांचीही करावी. त्या मजुरीची मात्र करू नये.