शिरपूरचा अधांतरी देव

वर्गात ‘अधांतरी’ शब्द समजावताना मला दूर जावे लागत नाही. वाशीमच्या वायव्येस, मालेगाव तालुक्यात, शिरपूर आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरशी घोटाळा नको म्हणून त्याला ‘शिरपूर जैन’ म्हणतात. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची काळी मूर्ती जमिनीला टेकत नाही, अशी ख्याती आहे.

कथा मोठी गोड. एलिचपूरच्या एल राजाचे कुष्ठ एका तळ्याच्या पाण्याने गेले. तळ्यात मूर्ती सापडली. मागे वळून न पाहता तिची गाडी हाकायची होती. राजाने पाहिलेच! गाडी पुढे गेली, मूर्ती अधांतरी राहिली. पूर्वी म्हणे खालून घोडेस्वार जाई. आता वस्त्र तेवढे सरकते. कोरीव काम पाहायचे, तर मात्र गावाबाहेरच्या पवळीच्या जुन्या दगडी मंदिरात जावे. जानगीर महाराजांच्या संस्थानात महाशिवरात्रीची यात्रा भरते, ती निराळी.

पण देवापेक्षा अधांतरी राहिला तो कज्जा. मूर्तीच्या लेपावर करदोटा नि कासोटा असावा की नाही, यावर श्वेतांबर-दिगंबरांचे बिनसले. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून झाल्या. तरी प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९२९ साली निकाल श्वेतांबरांकडे लागला. अहिंसेच्या उपासकांची ही चिकाटी! १९८१ पासून तर दाराला कुलूपच. भाविक झरोक्यातून दर्शन घेत. गावातली एक पिढी तेवढ्यावरच वाढली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये दार उघडले. त्याच महिन्यात दोन्ही पक्ष पुन्हा हातघाईवर आले.