हाडाचा ताठरपणा सीटीच्या चित्रात दिसतो का?

‘सीटी स्कॅनवरून हाड किती ताठर आहे ते कळते’ असे वाक्य विद्यार्थी बेधडक लिहून मोकळे होतात. मला ते अर्धवट वाटते, आणि त्याचा उरलेला अर्धा भागच अधिक गमतीचा आहे.

सीटी यंत्र मोजते काय? शरीरातून जाताना क्ष-किरण किती क्षीण झाले, एवढेच! गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. त्यांच्याच नावाच्या मापनश्रेणीत पाण्याला ० आणि हवेला उणे १००० हा अंक देतात. हाडाच्या कठीण कवचाचा अंक हजाराच्याही वर जातो.

ताठरपणा ही निराळी राशी. तारेला वजने टांगून, तिची लांबी किती वाढली ते पाहून यंगचा गुणांक काढतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मांडीच्या हाडाच्या कवचाचा हा गुणांक पोलादाच्या साधारण एक दशांश भरतो. पण जिवंत माणसाच्या मणक्याला वजने कशी टांगणार?

म्हणून दोन टप्प्यांनी जावे लागते. ज्यांची घनता आधीच माहीत आहे असे नमुने रुग्णाच्या पाठीखाली ठेवून चित्र घेतात आणि अंकांवरून हाडाची घनता काढतात. हा टप्पा सोपा. घनतेवरून ताठरपणा काढण्याचा टप्पा मात्र प्रयोगशाळेत हाडांचे तुकडे यंत्रात दाबून बांधलेला आहे. १९७७ मध्ये कार्टर आणि हेज यांनी ताठरपणा घनतेच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, असे मांडले. पुढे इतरांना जाळीदार हाडासाठी हा घातांक दोनच्या आसपास, कधी त्याहूनही कमी आढळला.

फरक किरकोळ वाटतो ना? करून पाहा. घनता २० टक्क्यांनी घटली, तर घातांक ३ धरल्यास ताठरपणा मूळच्या ५१ टक्के उरतो. २ धरल्यास ६४ टक्के. चित्र तेच, रुग्ण तोच! पडल्यावर एखाद्या आजींचे खुब्याचे हाड टिकेल की मोडेल, याचा संगणकावरचा हिशेब अशा आकड्यांवर उभा असतो. शिवाय मणक्यातील जाळीचे बरेचसे धागे उभे असतात. त्यामुळे ते हाड उभ्या दाबाला जेवढे ताठर, तेवढे आडव्या दाबाला नसते. घनतेच्या एका आकड्याला दिशा कोठून असणार?

हा हिशेब टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. हाड न मोडता त्याचा अंदाज घ्यायला तो फार उपयोगी आहे. परंतु आपल्या पुस्तकांत यंगचा गुणांक तारेपाशीच संपतो, हे मला खटकते. शिक्षकांनी त्याच तासाला हाडाचा विषय काढावा, आणि वर्गाला एक प्रश्न घालावा: हाडांच्या तपासणीचे डेक्सा यंत्र ‘घनता’ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये देते. एकाच पदार्थाचे दोन ठोकळे घेतले, त्यांतला एक दुप्पट जाड आहे, आणि किरण जाडीच्या दिशेने जात आहेत. तर यंत्र कोणत्या ठोकळ्याची ‘घनता’ जास्त दाखवील, आणि किती पट?