दान विद्येला, दावा जागेवर

वैद्यकीय प्रवेशाचे दिवस आले की मध्यमवर्गीय घरांत एकच हिशेब सुरू होतो. मुलीला गुण किती, यादी कितीवर थांबणार आणि एखाद्या गुणाने जागा हुकली तर पुढे काय? अशा वेळी एक कुजबुजही हटकून कानी येते : अमक्याच्या मुलाला कमी गुण असूनही प्रवेश मिळाला, कारण वडिलांनी संस्थेला देणगी दिली होती. देणगीदाराला प्रवेशाच्या जागेवर हक्क सांगता येतो काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ वकिलांचा नाही.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण जामनगरचे. सौराष्ट्र हे वेगळे राज्य असताना, १९५०च्या दशकात, तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पूर्व आफ्रिकेत उद्योग करून संपन्न झालेले मेघजी पेथराज शहा यांनी आपल्या मातृभूमीसाठी केलेल्या दानाचे ते फळ. महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. त्या दानाबरोबर काही जागांसाठी विद्यार्थी सुचविण्याची मुभा दात्याकडे आली. पुढे गुजरात शासनाने ती काढून घेतली आणि वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली शासनाचा निर्णय उचलून धरला.

दात्याच्या बाजूचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. शासनाने दान घ्यायचे, त्या बळावर इमारत उभी करायची आणि काही वर्षांनी दिलेला शब्द फिरवायचा, हे राजधर्मात बसते काय? शासनाचा शब्द असा हलका ठरला तर उद्या कोण पुढे येईल? मात्र त्याआधीचा प्रश्न अधिक मूलगामी आहे : ती जागा देऊन टाकण्याचा अधिकार मुळात शासनाचा होता काय? शासकीय महाविद्यालयातील जागा मंत्र्याची नसते, अधिष्ठात्याची नसते, दात्याचीही नसते. ती गुणवत्तेने तेथे पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याची असते. जे आपले नाही ते देण्याचे वचन कितीही प्रामाणिकपणे दिले, तरी ते पाळणे म्हणजे तिसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडणे होय. हे बंधन शासनालाही चुकत नाही. परराज्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांसाठी केवळ शासनाच्या मर्जीने विद्यार्थी नेमण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली, जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात, समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली होती.

आपल्या परंपरेत दान म्हणजे स्वत्वाचा त्याग. परतफेडीची अपेक्षा धरून दिलेल्या दानाला गीतेने सात्त्विक नव्हे, राजस म्हटले आहे. याचा अर्थ दात्याने अट घालूच नये असा नव्हे. अट कोणासाठी, हे महत्त्वाचे. मुंबईतील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. त्याच्या देणगीमागे अट होती, ती अध्यापक भारतीयच असावेत ही. परकीय सत्तेत वरच्या जागा इंग्रजांसाठी राखल्या जात असताना घातलेल्या या अटीने कोणा विद्यार्थ्याचा घास हिरावला नाही; उलट अवघ्या समाजाचा आत्मविश्वास वाढविला. राष्ट्रासाठी अट आणि भाच्यासाठी अट यांतले अंतर येथे स्पष्ट होते.

दुर्दैवाने पुढच्या काळात दुसऱ्या प्रकाराचाच बाजार झाला. महाराष्ट्राला १९८७ साली देणगीशुल्काविरुद्ध कायदा करावा लागला. २००५ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने अनिवासी भारतीयांच्या जागांना १५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्या खऱ्या अनिवासींसाठीच असाव्यात असे बजावले. तरीही २०२४ साली पंजाब शासनाने दूरच्या नातेवाइकांनाही या जागांचे दार उघडले. उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला फसवणूकच म्हटले. नाव देणगीचे असो वा नात्याचे, मागचा दरवाजा तोच.

याचे उत्तर दात्यांना दूर लोटण्यात नाही. त्यांच्या नावाने वास्तू असावी, गरीब व गुणवंत विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती असावी, दिलेल्या पैशांचा चोख हिशेब त्यांना मिळावा. प्रवेशाची यादी मात्र त्यांच्या हाती नसावी. आणि हा नियम सांगताना बोट केवळ इतरांकडे दाखवून चालणार नाही. राष्ट्रकार्याचे नाव घेणाऱ्या संस्थांच्या दारीही परिचयाची चिठ्ठी घेऊन कोणी उभा राहतोच. ती चिठ्ठी नम्रपणे परत करण्याचे धैर्य ज्या संस्थाचालकात आहे, त्याच्याच हाती समाजाने दिलेले दान सुरक्षित आहे. एखाद्या गुणाने मागे राहिलेल्या मुलीला अपयश पचविता येते. आपली जागा विकली गेली हे मात्र ती आयुष्यभर विसरत नाही.